चुकीच्या उंबऱ्यावर वाचलेली नावं

आमच्या घरात पाण्याला दोन शब्द होते. आई ‘पाणी’ म्हणायची आणि वडिलांची आई, म्हणजे आमची अव्वा, ‘नीळ्ळू’ म्हणायची. भाताला आई ‘भात’ म्हणायची, अव्वा ‘बुव्वा’. सगळ्यांच्या घरी असंच असतं असं मला लहानपणी वाटायचं. शाळेत एकदा तहान लागली तेव्हा मी बाईंना ‘नीळ्ळू’ म्हणाले आणि वर्ग हसला. त्या दिवशी कळलं, की आपलं घर जरा निराळं आहे. वडील वडार, दगड फोडणारे. त्यांच्या घरातली बोली तेलुगूकडची. आई मराठा शेतकऱ्याची मुलगी. हे वाक्य आज मी सहज लिहिते आहे. त्या काळी आमच्या गावठाणात ते कोणी सहज बोलत नसे, आणि आमच्या घरात तर मुळीच नाही.

आमचं घर डाळजच्या बाजूला, हायवेपासून आत, नव्या गावठाणाच्या टोकाला होतं. नवं गावठाण म्हणजे धरणात गेलेल्या गावाच्या बदल्यात मिळालेली जागा. जुनं गाव भीमेच्या काठी होतं, ते उजनीच्या पाण्याखाली गेलं. वडिलांचे लोक आधी धरणाच्या कामावर होते. तिथलं काम सरत आलं तसे ते काठाकाठानं वर आले आणि उठणाऱ्या गावांसाठी नव्या विहिरी, नवे रस्ते करू लागले. आईच्या गावासाठी विहीर खणायला जी टोळी आली, तिच्यात माझे वडील यल्लाप्पा, आमचे अण्णा, होते. पुढचं आई कधी नीट सांगत नसे. “तुझा बाप लई कमी बोलायचा, म्हून बरा वाटला,” एवढंच म्हणायची. त्या दोघांनी लग्न केलं आणि आईचं माहेर तुटलं. एका बाजूच्या माणसांनी ज्या भिंतीसाठी दगड फोडला, त्या भिंतीच्या पाण्यात दुसऱ्या बाजूचं गाव गेलं. मी त्या दोन्ही बाजूंची. कॉलेजात जायला लागल्यावर हे मला पहिल्यांदा सुचलं, आणि त्याचं काय करायचं ते मात्र सुचलं नाही.

आईचं माहेर तुटलं म्हणजे दूर गेलं असं नाही. आईच्या वडिलांना, आबांना, प्लॉट मिळाला तो त्याच गावठाणात. आमच्या दारापासून त्यांचं दार तीनशे पावलं असेल. आबांचा ऊस होता, बॅकवॉटरवर मोटर होती, दारात ट्रॅक्टर होता. दत्तूमामा तो ट्रॅक्टर घेऊन आमच्या दारावरून जायचे. माझ्याकडे कधी बघायचे, कधी नाही. आबा दिसले की आई डोक्यावर पदर घेऊन बाजूला उभी राहायची, आबा नाकासमोर बघत निघून जायचे. वीस वर्षांत त्यांनी तिच्याशी भांडण केलं नाही, शिवी दिली नाही, की नाव घेतलं नाही. आईला एकच गोष्ट हवी होती. बापानं एकदा तिला आपली म्हणावं. ती हे कधी बोलली नाही, पण पंचमीला गावठाणातल्या सासरी गेलेल्या लेकी माहेरी आल्या की ती दिवसभर शेणानं जमीन सारवत बसायची. सारवलेलीच परत सारवायची. ते बघून आम्हाला कळायचं.

घरातला आवाज म्हणजे दगडाचा. वडील पहाटे खाणीवर जायचे आणि अव्वा अंगणात पाटे-वरवंटे करत बसायची. छिन्नीवर हातोडी पडायची ती एका लयीत, टक, टक टक, आणि मध्ये अव्वा थांबून दगडाची भुकटी फुंकायची. त्या आवाजात मी बारावीचा अभ्यास केला. आजही शांत खोलीत मला वाचायला जमत नाही. जेवायला बाजरीची भाकरी आणि बॅकवॉटरमधली चिलापी. आईच्या माहेरी मासे शिजत नसत. ती कालवण करायला अव्वाकडून शिकली आणि पुढं अव्वापेक्षा चांगलं करायला लागली. अव्वा बोटानं चव घेऊन म्हणायची, “मराठ्याच्या पोरीला चिंच कळली बाई.” दोघींची भांडणंही व्हायची, पण एकमेकींना समजू नयेत अशा शिव्या प्रत्येकीनं आपापल्या भाषेत राखून ठेवल्या होत्या, त्यामुळे घर टिकलं.

आता उंबऱ्याविषयी सांगायला हवं. गाव उठलं तेव्हा लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी उतरवली. तुळया, पत्रे, दारं, जे गाडीत मावेल ते नेलं. जड दगड तिथंच राहिले. आबांच्या घराचा दगडी उंबरा असाच राहिला. त्याच्या उजव्या कोपऱ्याला एक कासव कोरलेलं होतं आणि त्या कासवाचा एक पाय फुटलेला होता. नव्यानं लग्न झालेल्या आईनं वडिलांकडे एकच मागणं केलं, तो दगड पाण्यात जाऊ देऊ नका. वडील आणि त्यांचे दोन भाऊ पहारी घेऊन गेले, दगड उपसला, ओंडक्यांवरून सरकवत बैलगाडीत घातला आणि पाणी चढायच्या आत घेऊन आले. आमच्या घराला भिंती मातीच्या होत्या, छप्पर पत्र्याचं होतं, आणि उंबरा मात्र कुणा इनामदाराला शोभेल असा. आबांना हे कळलं असणारच. ते काही बोलले नाहीत. बोलणंच नव्हतं.

मी बारामतीला एफ. वाय. बी. ए.ला होते त्या वर्षीची गोष्ट. रोज भिगवणवरून एसटीनं जायचे. दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे काय विचारायचं आणि कुणाला विचारायचं हेही मला कळत नसे. वर्गात मागच्या बाकावर बसून सगळं उतरवून घ्यायचे, समजो न समजो. अक्षर तेवढं चांगलं होतं. सुगी संपली होती, रविवार होता. आई चुलीपाशी होती, अव्वा अंगणात दगडावर, मी कपडे वाळत घालत होते. तेवढ्यात घंटेचा आवाज आला आणि एक म्हातारा बैलावर बसून आमच्या वस्तीत शिरला.

डोक्याला मोठा पटका, खांद्यावर घोंगडी, काखेत लाल कापडात बांधलेली चोपडी. तो हेळवी होता. हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात, हे मला तेव्हा ऐकूनच माहीत होतं. दर काही वर्षांनी ते आपापल्या ठरलेल्या घरी येतात, दारात उभे राहून पूर्वजांची नावं वाचतात, म्हणजे खणखणीत आवाजात तोंडपाठ म्हणतात, नवी जन्मलेली नावं चोपडीत घालतात आणि धान्य, कापड घेऊन जातात. हा म्हातारा आईच्या गावचा हेळवी होता. गाव बुडाल्यावर माणसं कुठं पांगली ते त्याला बरीच वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी शोधत शोधत तो आमच्या गावठाणात आला. पण जुन्या गावात घरं ओळीनं त्याच्या ध्यानात होती, नव्या गावात प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले होते. ओळ मोडली होती आणि त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

त्यांची एक रीत असते. तोंड उघडण्याआधी हेळवी उंबऱ्याला हात लावतो. म्हातारा बैलावरून उतरला, चाचपडत आमच्या दारापाशी वाकला, उंबऱ्यावरून हात फिरवत उजव्या कोपऱ्याला आला आणि थांबला. बोटं कासवावर फिरली, फुटक्या पायावर टेकली. तो हसला. मग उभा राहून, कानावर हात ठेवून त्यानं सुरुवात केली. आईच्या आजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं, त्याच्याही बापाचं, कोण कुठल्या गावाहून कुठं आला, कुणाला किती मुलगे, कोण दुष्काळात गेला, कोण नरसिंहपूरला संगमावर जाऊन राहिला. एका दमात, एका चालीत. आई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली आणि दाराच्या आत उभी राहिली. तिच्या आजोबांचं नाव आलं तसा तिनं मनगटानंच पदर डोक्यावर ओढला.

त्याला थांबवावं असं मला वाटलं होतं. हे चुकतंय हे मला कळत होतं. पण आईचा चेहरा बघून माझं तोंड उघडलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही स्वतःवर खूश आहे.

शेवटाला आबांचं नाव घेऊन म्हातारा थांबला आणि म्हणाला, “आता फुडचं सांगा. घरधनी कुठं हाय?”

आई म्हणाली, “बुवा, तुमी वाचलं ते माझं म्हायेर. हे घर त्यांचं न्हाय. हे वडाराचं घर हाय.”

म्हातारा हात मागं घेऊन उभा राहिला. “उंबरा तर त्योच हाय.”

“उंबरा आणलाय. घर न्हाय आणलं.”

एवढ्यात अव्वा अंगणातून म्हणाली, “थांबलास का रं? आता आमची बी नावं सांग की.”

“तुमची मला ठावी न्हाईत, म्हातारे.”

“मग लईच थोडं ठावं हाय तुला.” अव्वानं छिन्नी खाली ठेवली. “मी सांगते. माझ्या नवऱ्याच्या आज्यानं नीरेचा कालवा खणला, बारामतीपासनं खाली इंदापुरापतोर. माझ्या सासऱ्यानं तीन पूल बांधले, दोन अजून हायत. माझ्या नवऱ्यानं अंथुर्ण्याच्या शिवारात इहिरी काढल्या, त्या मोजाया लागलास तर तुझी चोपडी पुरायची न्हाय. आमची नावं कागदाव नसत्यात. पानी प्यायला जा, मंग कळतंय.”

म्हातारा मनापासून हसला. “म्हातारे, तुझं बरोबर हाय. पर माझी चूक ऱ्हायलीच.”

चूक अशी, की एका घराची नावं त्याच घराच्या उंबऱ्यावर वाचायची असतात. दुसरीकडे वाचली तर त्या घराच्या कर्त्याला जाऊन सांगावं लागतं, नाहीतर चोपडी पुढं लिहिता येत नाही. लिहायला त्याचा नातू बरोबर असायचा, तो या खेपेला शाळेच्या परीक्षेमुळे मागं राहिला होता. म्हाताऱ्यानं माझ्या दिशेनं तोंड केलं. “मघाशी कापडं वाळत घालत हुतीस ती तूच का? ल्हिता येतं?”

“येतं,” मी म्हणाले.

“कालिजात हाय ती,” अव्वा म्हणाली, “तुझ्यापरीस बरं ल्हितीया.”

“मग चल माझ्यासंगं आबारावांकडं. मी बोलतो, तू ल्ही.”

मी आईकडे बघितलं. त्या घरात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ती हात धुऊन आली, ओल्या तळव्यानं माझे केस बसवले, ओढणी नीट केली आणि आत निघून गेली.

आबा ओसरीवर खाटेवर बसले होते, दत्तूमामा मोटरीचा स्टार्टर उघडून दुरुस्त करत होते. मामीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, मला बघितलं आणि तिथंच उभी राहिली. राम राम झाले. हेळव्याला बघून आबांचा चेहरा एकदम उजळला. “मला वाटलं, तुमी बी गेला पान्यात,” ते म्हणाले.

“तुमाला हुडकंपतोर डोळं गेलं, आबाराव.”

“आन् ही कोन?”

“ल्हिनारी हाय.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी कुणाची हे त्यांना ठाऊक होतं. ते रोज मला एसटीकडे जाताना बघत होते. मी खाली चटईवर बसले, चोपडी मांडीवर घेतली. जुनी पानं मोडी अक्षरात होती, मला एक ओळही वाचता आली नाही. नवी पानं कोरी होती. हेळवी विचारत गेला, आबा सांगत गेले, मी लिहीत गेले. दत्तात्रय, त्याचे दोन मुलगे, त्यांची नावं. माझ्या मामेभावांची नावं मला त्या दिवशी पहिल्यांदा पुरी कळली.

“लेकी सांगा,” हेळवी म्हणाला.

“लेकी कशापायी? आदी तर ल्हित न्हवता.”

“आदी गाव हुतं. लेक कुठं दिली ते गावाला ठावं असायचं. आता गावंच इस्कटली. चार घरं हितं, चार घरं तितं. लेकी ल्हिल्या न्हाईत तर मानूस मानसाला गावायचं न्हाय. म्हून आमी आता लेकी बी घालतो.”

आबांनी मान हलवली. “सखू. थोरली. दिली अंथुर्ण्याला.” मी लिहिलं.

“दुसरी?”

मामांच्या हातातला पाना थांबला. मला वर बघायचा धीर नव्हता. हेळव्यानं घसा खाकरला. “आबाराव, एक चूक झालीया माझ्याकडनं. तुमची नावं मी आदी दुसरीकडं वाचली.”

“कुठं?”

“कासवाच्या उंबऱ्याव.”

मग आबांनी हळू विचारलं, “ऐकाय कोन हुतं?”

“एक म्हातारी हुती, वडारीन, ती माझ्यासंगं भांडली. ही पोर हुती. आन् तुमची लेक. उभी राहून ऐकलं तिनं समदं. तुमच्या बापाचं नाव आलं तसा डोईवर पदर घेतला. हातांला पीठ हुतं तर मनगटानं घेतला, असं मला वाटलं. दिसत न्हाय मला नीट. हात पांढरं दिसलं, आन् कापडाचा आवाज आला.”

आबांनी खाटेच्या काठाला धरून ठेवलं. दत्तूमामा म्हणाले, “आबा, ऱ्हाऊ द्या आता.” काय राहू द्या ते मला कळलं नाही. बहुतेक मामांनाही माहीत नसावं. आबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

“ल्ही,” ते म्हणाले. मला म्हणाले. “कौसल्या. धाकली.”

मी लिहिलं. माझं अक्षर त्या ओळीत वाकडं आलं.

हेळवी नेहमीच्या सवयीनं म्हणाला, “दिली कुठं?”

हा प्रश्न तो शेकडो दारांत विचारत असेल. पण त्या ओसरीवर तो कठीण होता. आईला आबांनी कुठं दिलीच नव्हती. ती गेली होती. आणि वडिलांच्या लोकांना नाव घेण्यासारखं गावही नव्हतं, जिथं काम तिथं त्यांचं बिऱ्हाड. मी पेन धरून बसले. आबा समोर, रस्त्याच्या पलीकडे बघत होते. तिकडं आमच्या वस्तीतला कुणाचा तरी हातोडा चालू होता.

“हितंच,” आबा म्हणाले. मग हेळव्याला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून, की स्वतःलाच ऐकायचं होतं म्हणून, परत म्हणाले, “दिली. हितंच दिली. ल्ही तसं.”

मी लिहिलं. शाई वाळेपर्यंत पान मिटलं नाही. आबांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी चोपडी मागून घेतली, पान लांब धरून बघितलं आणि परत दिली. “जावयाचं नाव बी घाल,” ते म्हणाले. “तुला ठावं असंल.”

आज इतक्या वर्षांनी मी स्वतःला विचारते, की मला तेव्हा राग यायला हवा होता का. आईनं वीस वर्षं बाजूला उभं राहायचं आणि एका चुकीमुळे एका ओळीत सगळं मिटायचं, हे न्यायाचं नव्हतं. माझ्या अव्वाचे पूल आणि विहिरी तर कुठल्याच चोपडीत गेल्या नाहीत. नोकरी लागल्यावर मी त्यांची एक वही केली. अव्वा असेपर्यंत तिला विचारून, नंतर जाग्यावर जाऊन, दगड बघून. पण त्या दिवशी मला राग आला नव्हता. मला फक्त घरी पळायचं होतं. त्या हेळव्याचे उपकार मला फेडता आले नाहीत. तो पुढं आमच्याकडे आला नाही. त्याचा नातू एकदा आला होता, मोटरसायकलवर, तेव्हा मी बदलीच्या गावी होते.

निघताना मामीनं माझ्या ओढणीच्या टोकात गूळ-शेंगदाणे बांधले. मी तीनशे पावलं चालत आले की पळत, ते आठवत नाही. वडील खाणीवरून आले होते, अंगणात पाय धूत होते. अव्वा त्यांना आपल्या बोलीत हेळव्याची गोष्ट तिखटमीठ लावून सांगत होती. आई दारात होती. मी तिला सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, “परत सांग.” मी परत सांगितलं. “दिली म्हनाला?” “व्हय.” “सोत्ता म्हनाला, का त्या बुवानं म्हनवलं?” “सोत्ता. दोनदा म्हनाले. आन् अण्णांचं नाव बी घालाय सांगितलं.”

वडिलांनी पाय धुवायचे थांबवले. ते फार कमी बोलायचे, पण बोलले तर असं काहीतरी. “मंग आता मला जावाय म्हून जेवाय बोलवाय लागंल,” ते म्हणाले. “वीस वर्साचं जेवान ऱ्हायलंय.”

अव्वा हसायला लागली, मीही. आईनं पदरानं डोळे पुसले आणि वडिलांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, दगडाची भुकटी बसलेले केस, आठ दिवसांची खुंटं.

“आदी दाढी करा,” ती म्हणाली.